बेडकीचे ब्रेक

आमच्या ह्यांना लिफ्टच्या कंपनीत कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे "परतबघू" म्हणतात. काम उरकलं, हत्यारं पेटीत गेली, बाकीचे हात धुऊन डबा उघडायच्या बेतात असले की हे हमखास म्हणणार, "एकदा परत बघू." की पुन्हा शिडी, पुन्हा टॉर्च, पुन्हा गच्चीवरची ती मशीनची खोली. बरोबरचे लोक चरफडतात, पण ह्यांनी हात लावलेली लिफ्ट मजल्याच्या बोटभरही वरखाली थांबत नाही, हेही तेच लोक सांगतात. घरी तीच तऱ्हा. कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघतील. गॅसच्या बटणाला निघताना हात लावतील आणि चपला घातल्यावर परत येऊन लावतील. एकदा वैतागून मी म्हटलं, लग्नाच्या आधी मला असं परत बघितलं असतंत तर बरं झालं असतं. तर म्हणे, बघितलं होतं, तुझ्या लक्षात आलं नाही. कप्पाळ माझं.

आज मी हे हसत हसत सांगतेय, पण मधले दोन-तीन महिने आमच्या घरात कुणी हसत नव्हतं.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंचा एकच कायदा, उघडलेली वस्तू संपल्याशिवाय घराबाहेर जायची नाही. शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून ती आणखी आठवडाभर चालते. साबणाची चिपटी नव्या साबणाच्या पाठीवर चिकटते. दोन अर्ध्या बाटल्या दिसल्या की एकीतलं दुसरीत ओतून रिकामी बाटली धुऊन उपडी घातली जाते. ह्यांचं बालपण ह्याच कायद्याखाली गेलं, त्यामुळे ह्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. आणि मी? मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. लोकांना कुठली बाटली किती दिवस चालते ते सांगून सांगून घसा बसतो माझा, आणि घरी माझं कुत्रंही ऐकत नाही. कुत्रं नाहीये म्हणा आमच्याकडे.

बेडकी म्हणजे आमची गाडी. सासूबाईंनीच ठेवलेलं नाव. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला पोट टेकलेली, हिरवी, डोळे वर आलेली जुनी स्पोर्ट्स कार. एका जुन्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला हे गेले होते, तिथे तळघरात ती धूळ खात पडली होती. मालकाला ती अडगळ झाली होती, ह्यांना ती बघताक्षणी आवडली, आणि दुसऱ्या रविवारी टेम्पोवर बसून ती आमच्या दारात आली. मी दारात उभी राहून विचारलं की हिला घेऊन जायचं कुठे, माणसं तीन आणि जागा दोन. सासूबाई म्हणाल्या, "मला नकोच तसलं, बसायला वाकायचं आणि उठायला माणूस बोलवायचा." तो प्रश्न तिथेच सुटला. पुढची काही वर्षं ह्यांची सुट्टी म्हणजे बेडकी. इंजिन खोलणं, गंज घासणं, सीट शिवून घेणं. शेवटी ती पळायला लागली, आणि खरं सांगते, छान पळायची. रविवारी सकाळी आम्ही दोघं गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याच्या टाक्यांपाशी जायचो, थर्मासमधला चहा प्यायचो आणि उतरून यायचो. मी वरवर कुरकुर करायची, पण शनिवारी संध्याकाळीच थर्मास धुऊन ठेवायची.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी उतरताना मला जळकट वास आला. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, मलाही येतोय. उतार मोठा, वळणं जवळजवळ, त्यामुळे ब्रेकवर पाय ठेवूनच खाली येणं चाललं होतं. आणि एका वळणावर ह्यांनी ब्रेक दाबला तो कणकेत पाय रुतावा तसा आत गेला. तळापर्यंत. गाडी चाललीच. ह्यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात बेडकीचं नाक घातलं. मला काही झालं नाही, ह्यांना काही झालं नाही, बेडकीचा ओठ तेवढा फाटला. पण त्या ढिगाच्या पलीकडे एका घराची भिंत होती, आणि भिंतीला खुर्ची टेकवून एक म्हातारे गृहस्थ उन्हात पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, आमच्याकडे बघितलं आणि रस्ता चुकलात का म्हणून विचारलं. मला भीतीने हसूच फुटलं. ह्यांना नाही फुटलं. हे त्या खुर्चीकडेच बघत राहिले.

तिथून सगळं बिघडलं. रात्री झोप नाही, जेवणावर लक्ष नाही. लिफ्टवर हे आधी दोनदा बघायचे, आता बघणं संपेचना. बघून खाली यायचे, की पुन्हा वर जायचे, आणि इतकं करून शेवटी सही दुसऱ्याला करायला सांगायचे. लिफ्टचं सगळं काही तिच्या ब्रेकवर असतं, आणि ब्रेक नीट आहे ही सही करणारा माणूस म्हणजे ह्यांच्या कंपनीत एरवी हेच. एक दिवस कामावरून आले आणि बूट काढता काढता म्हणाले की गोडाऊनमध्ये बदली मागितली आहे. नटबोल्ट, दोरखंड, सुटे भाग द्यायचे-घ्यायचे काम. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत विचार करायला सांगितलंय.

मी कडाडले. अहो, गाडी वेगळी, लिफ्ट वेगळी, हे कसलं खूळ घेतलंत डोक्यात, असं बरंच काही. हे शांतपणे दुसरा बूट काढत होते.

"ज्याला स्वतःच्या गाडीचा ब्रेक कळला नाही," ते म्हणाले, "त्याने लोकांच्या लिफ्टला हात लावू नये."

ह्या माणसाला गोडाऊनमध्ये बसवलं तर तो वर्षभरात म्हातारा होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून उतरताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे असतं, ते मी बघितलेलं आहे. पण ह्यांच्याशी भांडून काही होत नाही, हेही इतक्या वर्षांत कळलंय. म्हणून दोन दिवस गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी म्हटलं, मग त्या बेडकीचे ब्रेक नीट करा की. जगाला सांगता ना, परत बघू म्हणून, मग बघा. ती त्याच उतारावरून धडपणे खाली आली तर लिफ्टवर राहायचं. नाही आली तर खुशाल गोडाऊनमध्ये जा, मी तोंडातून अक्षर काढणार नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, हे शेवटचं काही कुणाला खरं वाटायचं नाही. पण हे कबूल झाले.

मग कामाला लागले ते आमच्याच दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. गॅरेजवाला म्हणजे ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त, तो सुटे भाग शोधून द्यायचा आणि अधूनमधून येऊन उकिडवा बसायचा. ह्यांनी मला समजावलं ते असं. गाडी थांबते म्हणजे तिचा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरतो. जुन्या बेडकीच्या पुढच्या चाकांतल्या तबकड्या लहान आणि भरीव. सपाटीवर ठीक, पण लांब उतारावर उष्णता साठत जाते आणि जायला वाट नाही. म्हणून मोठ्या तबकड्या आणल्या, दोन थरांच्या, मधे हवा खेळेल अशा फटी असलेल्या. तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरतो तो कॅलिपर, तोही त्याच कंपनीच्या एका जड गाडीचा बसवला, कारण त्याची पकड मोठी. तबकडीवर घासणारे पॅड बदलले. जुन्या रबरी नळ्या जाऊन स्टीलच्या जाळीत गुंडाळलेल्या आल्या. नवा कॅलिपर चाकाला आतून घासत होता, म्हणून चाकंही दुसरी शोधावी लागली. मी विचारलं, आता गाडीत जुनं काय उरलं. म्हणाले, आपण दोघं.

ही गंमत ह्यांनी केली तेव्हा मला जरा धीर आला.

मग हवेचं काम. पुढच्या बंपरखाली दोन्हीकडे एकेक तोंड कापून तिथून जाड नळी थेट तबकडीच्या मध्यापाशी न्यायची, म्हणजे गाडी पळते तेव्हा समोरचा वारा नळीतून ब्रेकवर जातो. तबकडीमागे धूळ अडवायला जो पत्रा होता तो हवाही अडवत होता, त्यालाही खिडकी पाडली. आता वारा खरंच तिथे पोचतो का, हे उभ्या गाडीला कसं कळणार? ह्यांनी सासूबाईंच्या खोलीतला टेबलफॅन आणून बेडकीच्या नाकासमोर ठेवला आणि तबकडीपाशी लोकरीचा एक धागा बांधला. लोकर सासूबाईंचीच. त्या पाठोपाठ बाहेर आल्या, मी इथे उकडून निघतेय आणि माझा पंखा चाकाला, म्हणून तणतणल्या, आणि मग स्वतःच खाली बसून धाग्याकडे बघत राहिल्या. डावीकडचा धागा फडफडला. उजवीकडचा लुळा. ती नळी आत एका जागी दुमडली होती. ह्यांनी ती सोडवून पुन्हा बांधली आणि उजवा धागाही नाचायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "हलला रे हलला," आणि पंखा काढून घेऊन आत गेल्या.

शेवटी ब्रेक ऑइल. ब्रेकवर पाय दिला की नळीतलं ऑइल पुढे ढकललं जातं आणि तेच कॅलिपर दाबतं. जुनं काळं पडलेलं ऑइल काढून टाकायचं, दुसरं भरायचं आणि नळ्यांतली हवा काढायची. हवा काढायला दोन माणसं लागतात. हे चाकाशी आडवे, मी आत बसून पाय द्यायचा. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. मी म्हटलं, आयुष्यभर हेच करतेय तुमच्यासाठी. पायाखाली ब्रेक चांगला कडक लागायला लागला. गॅरेजवाल्याने विचारलं, ऑइल बदललंस ना? हे म्हणाले, बदललं. खोटं नव्हतं ते.

आधी काही दिवस गावातच हळूहळू फिरवून पॅड बसू दिले. मग एका रविवारी हे एकटेच टेकडीवर गेले. मला न्यायला साफ नकार. गॅरेजवाला आपली गाडी घेऊन मागे होता. मी दारात उभी. थर्मास भरला नव्हता.

आले तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. तबकड्या पहिल्यापेक्षा कितीतरी थंड राहिल्या होत्या. मोटारींचं तापमान बघायची ती बंदुकीसारखी वस्तू असते ह्यांच्याकडे, तिने मोजलं होतं. वास नाही, धूर नाही. आणि तरी शेवटून दुसऱ्या वळणावर पाय पुन्हा तळाला गेला. हे तयारीत होते, वेग कमी होता, हँडब्रेकवर गाडी थांबवली. गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं, दोघांनी सगळं उलटसुलट तपासलं, कुठे गळती नाही, कुठे काही सैल नाही.

"सगळं बरोबर आहे आणि तरी चुकतंय," हे म्हणाले, "म्हणजे माझंच चुकतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून आले तर शेडमध्ये झाडलोट चाललेली. साहेबांना उद्या गोडाऊनचं होय म्हणून सांगणार आणि बेडकी विकणार, असं ठरलेलं दिसत होतं. मला विचारलं नव्हतं. बोलायची सोय नव्हती, कारण मीच शब्द दिला होता. मी पिशवी खाली ठेवली. सासूबाई उरलेल्या वस्तू खोक्यात भरत होत्या, गाडी घेणाऱ्याला द्यायला. त्यांनी एक बाटली उचलून उजेडात धरली. "ह्यात आहे अजून थोडं. टाकू नकोस हो."

बाटली ब्रेक ऑइलची. माझ्या तोंडून दिवसभर काउंटरवर निघतो तोच प्रश्न निघाला. काही विचार करून नाही, सवयीने.

"ही फोडली कधी?"

हे झाडत होते. झाडता झाडताच म्हणाले, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी, आणि अर्धी गॅरेजवाल्याकडची उरलेली होती, तीही ह्यातच ओतली. मग झाडू थांबला. मी बोलायचीही गरज राहिली नाही. ह्यांचा चेहराच बघण्यासारखा झाला होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. बूच उघडलं, हवा आत गेली की हळूहळू पिऊ लागतं, आणि त्यात पाणी मुरलं की उतारावर ते गरम होऊन उकळतं. उकळलं की वाफ. वाफेवर पाय दिला की ती नुसती दबते आणि ब्रेकपर्यंत काही पोचत नाही. हे ह्यांना माहीत नव्हतं होय? चांगलं माहीत होतं. कंपनीत सीलबंद डबा असेल तरच हात लावतील. पण घरातली उघडी बाटली म्हणजे वापरायचीच, हे अंगातच इतकं भिनलेलं की त्या बाटलीपाशी परतबघूंनी परत बघितलंच नाही. सगळ्यांनी विचारलं ऑइल बदललं का. कुठल्या बाटलीतलं, हे कुणी विचारलं नाही.

"अगं," हे म्हणाले, "मी पाणी भरलं ब्रेकमध्ये." आणि तिथेच उलट्या बादलीवर बसून हसायला लागले. किती दिवसांनी हसत होते. मीही हसले आणि मग डोळे पुसले. सासूबाईंना काही कळेना. ऑइल म्हणजे ऑइल, ते शिळं कसं होतं, म्हणाल्या. समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजमधल्या तीन बरण्या आणि ऑपरेशनच्या वेळचे डोळ्यांचे थेंब कचऱ्याच्या डब्यात सापडले. मी डबा दोनदा बघितला, विश्वास बसेना.

सीलबंद नवं ऑइल आलं, उंच तापमानाला टिकणारं. पुन्हा दाब, धर, सोड. नळ्यांतून आधीचा थेंबन् थेंब बाहेर काढला. आणि रविवारी मी कपडे बदलून बेडकीपाशी उभी राहिले. हे नाहीच म्हणाले. आधी मी एकटा जाऊन येतो, मग बघू.

"पडलो तेव्हा मी शेजारी होते," मी म्हटलं. "आता उठताना मला घरी ठेवता होय?"

ह्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं.

वर टाक्यांपाशी आम्ही उतरलोसुद्धा नाही. गाडी वळवली आणि खाली निघालो. भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. माझ्या पायाखाली ब्रेक नाही, तरी मी प्रत्येक वळणाला पाय दाबून धरत होते, पोटऱ्या दुखायला लागल्या. हे मुद्दाम ब्रेकवर येत होते. धर, सोड, पुन्हा धर. पुढच्या चाकांपाशी वाऱ्याचा एक घुमल्यासारखा आवाज येत होता, नळ्यांचा. जिथे आम्ही खडीत घुसलो होतो ते वळण आलं. खडी आता नव्हती, रस्ता पक्का झाला होता, आणि खुर्ची होती, गृहस्थही होते. ह्यांनी तिथे जोरात ब्रेक दाबला. बेडकी जागच्या जागी बसली. इतकी पटकन की माझं डोकं पुढे गेलं. गृहस्थांनी पेपरातून मान वर केली नाही.

"कडक आहे," हे म्हणाले. "पाय तिळभर आत गेला नाही."

पुढे किती वळणं गेली मला सांगता यायचं नाही. मी खाली एका गच्चीवर चादरी वाळत घालणाऱ्या बाईकडे बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की माझा पाय केव्हाच सैल पडलाय. छाती भरून श्वास घेतला मी.

पायथ्याशी ह्यांनी गाडी कडेला घेतली. उतरून चाकापाशी वाकले, बंदूक लावून दोन्ही तबकड्या मोजल्या, परत मोजल्या. मी शेजारी उभी. उठले नाहीत, तिथेच चाकाकडे तोंड करून बोलले.

"दवाखान्याच्या लिफ्टची तपासणी आहे उद्या. मी जातो. सहीही मीच करतो."

मी दिवसभर बोलणारी बाई. मला फक्त "बरं" म्हणता आलं, आणि तेही नीट म्हणता आलं नाही. ह्यांनी वळून बघितलं. म्हणाले, रडतेस काय, थांबली ना गाडी. मी म्हटलं, थांबली म्हणूनच. मग तेही रस्त्याच्या कडेलाच मातीत बसले आणि मीही बसले, चांगली साडी होती तरी. एक मोटारसायकलवाला आम्हाला तसं बघून थांबला, गाडी बंद पडली का, मदत हवी का, म्हणून विचारलं.

"नको," हे डोळे पुसत म्हणाले. "मदत झाली."